बोडीतली नाळ

श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्व नागपुरातल्या एका आठवडी बाजारात ओल्या पोत्यावर मांडलेल्या पालेभाजीच्या जुड्या पाहून मी थांबले. अंबाडी, तरोटा, केना आणि चिवळ यांच्या ढिगांशेजारी दहा रुपयांना एक अशा सात-आठ जुड्या वेगळ्या ठेवल्या होत्या. लांब, गुळगुळीत, किंचित तांबूस झाक असलेले देठ, त्यांच्या पेरांपेरांवर पांढऱ्या मुळ्यांचे पुंजके आणि भाल्याच्या पात्यासारखी टोकदार पाने मी लगेच ओळखली, कारण ही भाजी मी लहानपणी आजोळी कितीतरी वेळा निवडलेली होती. विकणाऱ्या मावशी मूळच्या छत्तीसगडच्या होत्या आणि त्या तिला ‘करमत्ता’ म्हणाल्या. मी तिला ‘नाळ’ म्हणते. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बंगाली काकूंनी माझ्या पिशवीतली जुडी पाहिली, तेव्हा त्यांच्या तोंडून आनंदाने ‘कलमी शाक!’ असे शब्द निघाले. एकाच शहरात, एकाच दिवशी, एका भाजीला तीन नावांनी ओळखणारी माणसे भेटली, परंतु ज्यांचे कुटुंब चार पिढ्या नागपुरात आहे अशा माझ्या मराठी शेजाऱ्यांपैकी एकानेही ती ओळखली नाही, ही गोष्ट माझ्या मनात राहिली.

वनस्पतिशास्त्रात या वेलीचे नाव इपोमिया अ‍ॅक्वाटिका असे आहे. फोर्सकॉल या निसर्गअभ्यासकाने केलेले तिचे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १७७५ साली प्रसिद्ध झाले. रताळे हे तिचे सख्खे भावंड म्हणावे इतके जवळचे आहे, आणि रताळ्याचे कोवळे शेंडे ज्यांनी पाहिले असतील त्यांना नाळेच्या पानांत ते साम्य सहज दिसेल. मराठीतले ‘नाळ’ किंवा ‘नाळीची भाजी’ हे नाव तिच्या पोकळ देठावरून आले आहे. हा देठ आतून नळीसारखा रिकामा असतो, त्यात हवा भरलेली असते, आणि त्यामुळेच वेल पाण्यात न बुडता पृष्ठभागावर पसरत जाते. चिनी भाषेतही तिच्या नावाचा अर्थ पोकळ गाभ्याची भाजी असाच होतो. संस्कृत निघंटूंत, म्हणजे वनस्पतींच्या जुन्या कोशांत, तिला कलंबी म्हटले आहे आणि ‘शतपर्वी’ म्हणजे शंभर पेरांची असेही एक नाव दिले आहे. मला हे दुसरे नाव अधिक आवडते, कारण या वेलीचे सगळे जीवन तिच्या पेरांत आहे. पाण्याला किंवा चिखलाला टेकलेल्या पेरातून मुळ्या फुटतात, त्याच पेरातून नवी फांदी निघते, आणि वेलीचा तुकडा तुटून वाहत गेला तर तो जिथे अडकेल तिथे स्वतंत्र वेल म्हणून वाढू लागतो. पावसाळा सरता सरता तिला पांढरी किंवा फिकट जांभळी, गळ्याशी गडद होत गेलेली कर्ण्यासारखी फुले येतात. ती सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटून जातात.

माझे आजोळ भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ आहे. त्या भागात शेताच्या वरच्या अंगाला लहान तलाव बांधलेला असतो, त्याला बोडी म्हणतात. पावसाचे पाणी बोडीत अडवायचे आणि धानाच्या बांध्यांना गरजेप्रमाणे सोडायचे, अशी ही जुनी व्यवस्था आहे. मोठे तलाव गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या जाणकारांनी बांधले, पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे आले, आणि १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारच्या ताब्यात गेले. म्हणून आजही त्यांना माजी मालगुजारी तलाव किंवा थोडक्यात मामा तलाव म्हणतात. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. या तलावांतून मासे, शिंगाडे, कमळाचे कंद आणि नाळेसारख्या भाज्या मिळत, आणि हे सगळे कोणत्या महिन्यात, कोणत्या काठाला, किती घ्यायचे याची जाण मुख्यतः ढिवर समाजाकडे होती. शेतकऱ्याच्या लेखी तलाव म्हणजे धानाचे पाणी होते. ढिवरांच्या लेखी तो स्वतःच एक शेत होता.

आजीच्या घरी मासळी घेऊन येणाऱ्या एक ढिवरीण बाई पावसाळ्यात टोपलीच्या तळाशी नाळेच्या दोन-तीन जुड्या ठेवत असत. आजी जुडी हातात घेऊन पहिला प्रश्न नेहमी एकच विचारी, आणि तो भावाचा नसे. भाजी कुठली, असे ती विचारी. त्यावर त्या बाई काहीशा दुखावल्या स्वरात सांगत, “बोडीतली हाय बाई, नाल्यातली नोहे.” लहान असताना मला हा प्रश्न निव्वळ सवयीचा वाटे. बोडीतली असो वा नाल्यातली, पाने तीच आणि देठ तोच, मग विचारायचे कशाला, असे मी एकदा आजीला म्हटलेही होते. आजी म्हणाली, “ही भाजी पानी पिते. जे पानी पिईल तेच आपल्याले देईल.” शाळा न पाहिलेल्या आजीने त्या दोन वाक्यांत जे सांगितले, ते मला नीट समजायला पुढची तीस वर्षे जावी लागली.

समजले ते असे. नाळ ही अतिशय भुकेली वेल आहे. उष्ण हवा, भरपूर ऊन आणि अन्नद्रव्यांनी भरलेले पाणी मिळाले की ती दिवसाला चार बोटे वाढू शकते. एवढ्या वेगाने वाढायचे तर पाण्यातले नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) तितक्याच वेगाने ओढून घ्यावे लागतात, आणि म्हणूनच सांडपाणी शुद्ध करण्याच्या कामी ही वेल वापरून पाहिली गेली आहे. मात्र तिच्या मुळ्या शिसे, कॅडमियम आणि पारा यांसारखे जड धातूही शोषून घेतात आणि त्यांचा काही भाग देठापानांत जाऊन साठतो. पाण्याच्या दृष्टीने हा तिचा मोठा उपकार असला तरी ताटात तोच अपाय ठरतो. शिवाय मैलापाणी मिसळलेल्या पाण्यातल्या वनस्पतींच्या पानांना जंतू आणि कृमींच्या सूक्ष्म अवस्था चिकटलेल्या असतात. आपल्या देशात आढळणारा आतड्यातला एक मोठा चपटा कृमी अशाच कच्च्या पाणवनस्पतींतून माणसाच्या पोटात जातो. भाजी नीट शिजवली की जंतू आणि कृमी मरतात, परंतु धातू शिजवल्याने जात नाहीत, तीन पाण्यांनी धुतल्यानेही जात नाहीत. त्यामुळे या भाजीच्या बाबतीत स्वयंपाकघरात घेतलेली काळजी अर्धीच असते आणि उरलेली अर्धी भाजी खुडण्यापूर्वीच घ्यावी लागते.

आता नागपूरकडे पाहू. ज्या नदीवरून या शहराला नाव मिळाले ती नाग नदी शहराच्या पश्चिमेला लावा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरी तलावातून पुढे येते आणि सबंध शहर ओलांडून पूर्वेला जाते. या प्रवासात तिच्यात शहराचे सांडपाणी इतके मिसळते की आपल्यापैकी बहुतेकजण तिला नदी न म्हणता नाला म्हणतात. काठावर जिथे पाणी संथ आहे तिथे हिरवेगार वेल पसरलेले दिसतात, आणि त्या हिरव्या पसाऱ्यात जलपर्णीबरोबर नाळही असू शकते. ती तिथे जितकी तरारलेली, टवटवीत आणि लुसलुशीत दिसते तितकी स्वच्छ बोडीत कधीच दिसत नाही, कारण मैलापाणी हे तिच्यासाठी खत आहे. बाजारात भाजी निवडताना आपण ताजेपणा आणि तजेला पाहतो; नाळेच्या बाबतीत हा तजेलाच फसवा असू शकतो, हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे म्हणून मी ते इथे लिहीत आहे.

त्या श्रावणात मी आणलेल्या जुडीचे हेच झाले. आनंदाच्या भरात मी आजीचा प्रश्न विचारायला विसरले. घरी येऊन भाजी निवडायला बसले, तेव्हा शेजारी बसलेल्या आईने देठ मोडून नाकाशी नेला आणि ही कुठली आहे, असे मला विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या आठवड्यात मी त्याच मावशींकडे जाऊन विचारले, तेव्हा त्यांनी काहीही न लपवता शहराच्या टोकाच्या एका वाहत्या गटाराजवळची जागा सांगितली आणि भाजी खूप धुतली होती असेही आवर्जून सांगितले. त्यांच्या गावी तळ्यातली करमत्ता भाजी त्या रोज खात असत. इथे तळे नाही म्हणून जिथे वेल दिसली तिथून त्यांनी ती काढली. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. त्यांना भाजीची पारख होती, पण त्या भाजीला लागणारे पाणी या शहराने त्यांच्यासाठी शिल्लक ठेवले नव्हते. आमच्या नागपुरी मराठी घरांतून या भाजीचे नाव का पुसले गेले असावे, याचाही उलगडा मला त्या दिवशी थोडा झाला. शुक्रवारी तलाव, सक्करदरा, नाईक तलाव, लेंडी तलाव, सोनेगाव अशी तलावांची नावे आपण आजही घेतो, परंतु त्यांतले पाणी ओंजळीत घेण्याजोगे राहिले नाही. त्या पाण्यातले काही खावे असे कोणाला वाटेनासे झाले, आणि जे खाल्ले जात नाही त्याचे नाव घरात टिकत नाही.

आजोळची गोष्ट याहून वाईट वाटावी अशी आहे. नाग नदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते, आणि वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्द धरण आहे, ज्याचे भूमिपूजन १९८८ साली झाले. म्हणजे मी नागपुरातल्या प्रतापनगरात भांडी घासल्यावर जे पाणी मोरीतून जाते, ते योग्य प्रक्रिया झाली नाही तर वळणे घेत घेत माझ्या आजीच्या गावच्या नदीत पोहोचते. धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यावर जलपर्णीचे थर साचलेले मी स्वतः पाहिले आहेत. आज मामाच्या गावात नदीकाठची नाळ कोणी खात नाही, मात्र शेतातल्या बोडीतली खातात, कारण बोडीत फक्त त्या शिवारावर पडलेल्या पावसाचे पाणी येते. आजीने केलेला बोडी आणि नाला हा भेद आता बोडी आणि नदी असा झाला आहे.

बोडीचेही सगळे आलबेल नाही, आणि त्याचे एक कारण नाळेच्याच कुळातले आहे. आपल्याकडे ज्या झुडपाला बेशरम म्हणतात ते याच इपोमिया वंशातले आहे. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले. शोभेसाठी आणि कुंपणासाठी ते आपल्याकडे आणले गेले आणि तलावांच्या काठांवर असे पसरले की त्याखाली देशी पाणवनस्पतींना आणि पर्यायाने माशांना जागाच उरली नाही. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या काही गावांत ढिवर समाजातल्या स्त्री-पुरुषांनी तलावांतले बेशरम मुळासकट उपटून तिथे देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. माशांची पैदास वाढवण्यासाठी सुरू झालेल्या या कष्टाच्या कामाबद्दल मला फार आदर वाटतो.

भाजी ओळखण्याच्या दृष्टीनेही बेशरमाचा उल्लेख आवश्यक आहे, कारण ते विषारी आहे. त्याचा पाला खाणाऱ्या शेळ्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो, त्या लडखडू लागतात आणि दगावतात. दोन्ही वनस्पती एकाच काठावर असतात, दोघींची फुले कर्ण्यासारखी असतात, दोघींच्या देठातून दुधासारखा चीक निघतो. फरक असा की बेशरम उभे वाढते, माणसाच्या उंचीच्याही वर जाते, त्याचे खोड खालून लाकडासारखे टणक होते, पान मोठे, जाडसर आणि हृदयाकृती असते आणि मोठी गुलाबी फुले जवळजवळ वर्षभर दिसतात. नाळ कधीच ताठ उभी राहत नाही. ती पाण्यावर किंवा चिखलावर लोळत जाते, तिचा देठ नखाने सहज मोडतो, आणि जमिनीला किंवा पाण्याला टेकलेल्या पेरांवर मुळ्या असतात. ज्याला ही खात्री स्वतः पटवता येत नसेल त्याने काठावरून काहीही खुडू नये आणि जाणत्या माणसाकडूनच भाजी घ्यावी.

आजीच्या हातची नाळ मला दोन प्रकारांनी आठवते. पहिली सुकी. आजी जुडी सोडून पाने वेगळी करी, खालचे जून देठ टाकून देई आणि कोवळ्या देठांचे बोटभर तुकडे करून प्रत्येक तुकडा उभा चिरी, कारण पोकळीत कधी कधी लहान किडा दडलेला असतो. भिजवलेली लाखोळीची (खेसरीची) डाळ आधी अर्धी शिजवून घेई. कढईत जवसाचे तेल तापले की ठेचलेला लसूण आणि सुक्या लाल मिरच्या, त्यावर देठ, देठांचा करकरीतपणा थोडा उतरला की डाळ, आणि सगळ्यात शेवटी पाने. मीठ पाने बसल्यावरच घालायचे, कारण टोपलीभर पाला शिजून वाटीभर होतो आणि आधी घातलेले मीठ जास्त होते. पाने पालकासारखी मऊ आणि किंचित बुळबुळीत होतात, देठ मात्र दाताखाली कुरकुरतो, आणि हा दुहेरी पोत दुसऱ्या कोणत्याही पालेभाजीत मला मिळालेला नाही. दुसरा प्रकार म्हणजे आळण. पाने बारीक चिरून शिजवायची, बेसन लावून सारखी करायची आणि गरम भातावर घ्यायची. मी आता लाखोळीऐवजी चण्याची डाळ वापरते. आईच्या मते त्याने चव उणी होते, आणि तिचे म्हणणे खरे आहे. बंगाली काकू डाळ न घालता मोहरीच्या तेलात लसूण आणि सुकी मिरची घालून ती मोठ्या आचेवर परततात. तीही उत्तम लागते. या भाजीत लोह, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व तयार होण्यासाठी लागणारे कॅरोटीन चांगल्या प्रमाणात असते, आणि कॅरोटीन अंगी लागण्यासाठी थोडे तेल हवेच असते. जुन्या ग्रंथांत ती बाळंतिणीला दूध येण्यासाठी सांगितली आहे, आणि माझ्या मामीला तिच्या बाळंतपणात आजीने ती मुद्दाम खाऊ घातली होती.

पूर्वेच्या देशांत या भाजीला मोठा मान आहे. थायलंड, व्हिएतनाम, मलेशिया आणि दक्षिण चीनमध्ये ती रोजच्या जेवणात असते आणि तिची रीतसर शेती होते. याउलट अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने १९७३ साली तिच्यावर बंदी घातली, कारण तिथल्या कालव्यांत ती पसरली तर पाण्याचा प्रवाह अडवेल अशी भीती होती. दोन्ही गोष्टी तिच्या त्याच शंभर पेरांतून आलेल्या आहेत.

बाजारातल्या त्या जुडीनंतर मी ठरवले की नागपुरात नाळ खायची असेल तर तिचे पाणी माझ्या हातात असले पाहिजे. मामाच्या बोडीतून वीतभर लांबीचे, तीन-चार पेरांचे दहा तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून आणले. गच्चीवर एका जुन्या प्लॅस्टिकच्या टबात माती आणि कुजलेले शेणखत भरले, तुकडे दोन पेरे मातीत जातील असे तिरके खोचले आणि नळाचे पाणी ओतले. पहिल्या वर्षी मी टबात मातीच्या वर चार बोटे पाणी ठेवले होते, आणि आठ दिवसांत त्यात डासांच्या अळ्या वळवळू लागल्या. आपल्या शहरात दर पावसाळ्यात डेंगीचे रुग्ण असतात, तेव्हा हा धोका पत्करण्याजोगा नव्हता. मग माझ्या लक्षात आले की नाळेला साचलेले पाणी लागतेच असे नाही, चिखलासारखी सतत ओली माती पुरते. आता मी माती पाण्याने तुडुंब ओली ठेवते पण वर पाणी साचू देत नाही. एका मोठ्या टबात मात्र पाणी ठेवले आहे आणि त्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले आहेत.

महिन्याभरात पहिली कापणी मिळते. खालची दोन-तीन पेरे ठेवून वरचा भाग कापला की पंधरा दिवसांत पुन्हा तेवढीच वाढ होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला तेव्हा गच्चीवरची पालक, मेथी आणि कोथिंबीर करपून गेली, नाळ मात्र दिवसातून दोनदा पाणी मिळत होते तोवर पसरत राहिली. तिचे खरे वैर थंडीशी आहे. डिसेंबरात रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरले की वाढ थांबते, पाने पिवळी पडतात आणि वेल मेल्यासारखी दिसते. पहिल्या हिवाळ्यात मी ती गेलीच असे समजून टब रिकामा करायला निघाले होते. आईने अडवले आणि होळीपर्यंत थांबायला सांगितले. फाल्गुनात त्याच काळवंडलेल्या पेरांतून कोंब फुटले.

यंदा दोन टबांत मिळून आमच्या घराला आठवड्यातून एकदा पुरेल इतकी भाजी निघते. काही तुकडे मी बंगाली काकूंना दिले आहेत. काही त्या बाजारातल्या मावशींसाठी ओल्या फडक्यात गुंडाळून नेले, तेव्हा त्यांनी घरामागे एक फुटका रांजण आहे असे सांगितले आणि त्यात लावण्यासाठी ते ठेवून घेतले. मृगाच्या सरी पडल्यावर मी टब पुन्हा छाटणार आहे, आणि तेव्हा उरलेली पेरे नागपुरातल्या ज्या कोणाला हवी असतील त्यांच्यासाठी बाजूला ठेवीन. पाणी नळाचे आहे आणि खत मामाच्या गोठ्यातले आहे.